सोनकांबळे सरांची ओसरी

सोनकांबळे सरांना फोन केला की ते ‘हॅलो’ म्हणत नसत. “बोला, तक्रार काय?” असं म्हणत. तक्रार नसली की त्यांचा आवाज पडायचा. एकदा मी त्यांना दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. त्यांनी शुभेच्छा ऐकून घेतल्या, “तुम्हालाबी” म्हणाले, आणि जरा थांबून विचारलं, “आन् तक्रार? काहीच न्हाई?” मी म्हणालो, “नाही सर, सगळं मस्त चाललंय.” “बरं,” ते म्हणाले, आणि त्या ‘बरं’मध्ये इतकी निराशा होती की मला सणासुदीचं उगीच ओशाळल्यासारखं झालं. पुढे त्यांना फोन करायचा असला की मी आधी एखादी बारीकशी तक्रार हुडकून ठेवू लागलो. कुणाकडे जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही, तसं.

मी लातूरचा. इथे शिकवण्यांचा मोठा बाजार आहे, आणि त्यातल्या एका क्लासचे संगणक सांभाळणं हे माझं पोटापाण्याचं काम. सर नांदेडला पाटबंधारे खात्यात अभियंता होते. उंच, जरा पुढे झुकलेले, उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. आमची गाठ पडली ती एका वेडापायी. आपल्या भागातल्या शाळांमध्ये आणि वाचनालयांमध्ये जुनेपाने संगणक धूळ खात पडलेले असतात. त्यांच्यावरही चालेल अशी एक मराठी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, तयार करायची आणि फुकट वाटायची, असं सरांच्या डोक्यात आलं आणि आम्ही पाच-सहा जण त्यांच्या सोबत कामाला लागलो. तिचं नाव ठेवलं ‘पळस’. यात कुणाला छदाम मिळत नव्हता आणि घरच्यांना आम्ही काय करतो ते समजत नव्हतं. माझी बायको अजूनही “तुमचं ते पळसाचं” म्हणते, जसा काही मी रोपवाटिकाच चालवतो.

या माणसाची गोष्ट कळायची तर एक गोष्ट आधी सांगायला हवी. संगणक सुरू केल्यावर समोर जे मांडलेलं दिसतं, म्हणजे खालची पट्टी, मेनू, उघडमीट करायच्या खिडक्या, त्या सगळ्याला डेस्कटॉप म्हणतात. लिनक्समध्ये तो एकच एक नसतो. जगभरच्या लोकांनी आपापले डेस्कटॉप बनवलेले असतात आणि ज्याला जो आवडेल तो त्याने घ्यावा अशी मोकळीक असते. पण मोकळीक कितीही असली तरी वाटणाऱ्याला कुठला तरी एक आधीच लावून द्यावा लागतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. पळसमध्ये डिफॉल्ट होता सरांनी स्वतः, एकट्याने, नोकरी सांभाळून घडवलेला डेस्कटॉप. त्याचं नाव ‘ओसरी’.

“डिफॉल्ट म्हंजे काय बालाजीराव,” ते मला समजावत, “पंगतीत बसल्यावर पानात जे पडतं ते. मागून घेणारे लई कमी. बाकीचे जे पडलं ते खातात आन् उठतात. म्हणून वाढणाऱ्यानं इचार करून वाढावं.”

ओसरी साधी होती. रंग फिके, अक्षरं नीटस, भपका बिलकुल नाही. संगणक सुरू झाला की एका कोपऱ्यात ‘या, बसा’ अशी अक्षरं उमटायची आणि बंद करताना ‘निघालात? बरं.’ आमच्यातला ओंकार नावाचा निलंग्याचा गडी होता, त्याला याचं भारी हसू यायचं. “सर, संगणक कुठं बोलत असतो का असा?” तो म्हणाला. सरांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “बोलत न्हाई म्हणून तर लिहिलं.”

नांदेडला त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे जरा जरा उमगलं. दोन खोल्यांचं घर. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आई होती तोवर घराला घरपण होतं, असं शेजारच्या बाई म्हणाल्या. आता ते सकाळीच दोन्ही वेळचं करून ठेवत आणि रात्री थंडच खात. घरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसत, दुसरीवर एक जुना मॉनिटर ठेवलेला. मी आलो म्हणून त्यांनी तो मॉनिटर उचलून खाली ठेवला, खुर्ची फडक्याने पुसली. संध्याकाळी निघताना मी पायात चपला घालत होतो आणि आत ते मॉनिटर उचलून परत खुर्चीवर ठेवत होते. मला ते बघवलं नाही. तेव्हापासून नांदेडला काही ना काही काम काढून मी जात राहिलो.

कुठल्याही सॉफ्टवेअरला इंटरनेटवर तक्रारींचं एक पान असतं. वापरणाऱ्याला काही अडलं की तो तिथे लिहितो आणि बनवणारा दुरुस्त करतो. ओसरीचं असं पान सरांनी मोठ्या हौसेने केलं होतं, मराठीत, कुणालाही समजेल असं. ते पान वर्षानुवर्षं कोरं होतं. आमच्याशिवाय तिथे कुणी कधी एक ओळ लिहिली नाही. सरांना तक्रारीची भूक होती, पण तक्रार येत नाही म्हणजे लोकांचं सुरळीत चाललंय, असं समाधानही ते करून घेत. सकाळी दहाच्या सुमारास मी त्यांच्याकडे असलो की ते घड्याळाकडे बघून म्हणत, “आता रेणापूरकडची शाळा उघडली आसंल. लोह्याचं वाचनालय उघडलं आसंल. बसले आसतील लोक.” हे ते इतक्या जिव्हाळ्याने म्हणत की मलाही ते लोक दिसायचे. पळस आम्ही कुठे कुठे दिली होती ती सगळी गावं त्यांना तोंडपाठ होती. सकाळी दहा वाजता त्या सगळ्या गावांमध्ये एकाच वेळी आपली ओसरी उघडते, या कल्पनेवर तो माणूस जगत होता. याला मी अतिशयोक्ती म्हणणार नाही.

मग नव्या पळसची वेळ आली. लिनक्सच्या पोटातली एक जुनी यंत्रणा जाऊन नवी येऊ घातली होती, आणि ओसरी तर सगळीच त्या जुन्या यंत्रणेवर उभी होती. ती नव्याने बांधायची म्हणजे एकट्या माणसाचं कैक वर्षांचं काम. दुसरीकडे परदेशात शेकडो लोकांनी मिळून केलेला एक डेस्कटॉप तयार होता, भक्कम, सगळ्या सोयींचा. त्याला आम्ही आपसात ‘बाहेरचं’ म्हणायचो. आमच्यात दोन तट पडले. ओंकार ओसरीच्या बाजूचा. हसायचा, पण जीव होता त्याचा तिच्यावर. मी बाहेरच्याच्या बाजूचा, आणि ते मी सरांच्या तोंडावर सांगितलं होतं. वस्तू आपली असणं ही काही ती चांगली असण्याची खूण नव्हे, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

“बाहेरचं चांगलं हाय, मी कवा न्हाई म्हणलो?” सर म्हणाले. “पण लोकांचे हात बसले ओसरीवर. एवढ्या माणसांची सवय खामखा मोडायची?”

“किती माणसांची, सर?” मी विचारलं.

मी खोचकपणे विचारलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. सरांनी बोटांवर गावं मोजली. मग म्हणाले, “चला, बघून येऊ. इचारून येऊ त्यान्लाच.”

असे आम्ही दोघं फिरायला निघालो. माझी सुटी आणि त्यांची रजा जुळेल तशी, एसटीने. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पिशवीत पळस भरलेल्या पेनड्राइव्ह घेतल्या होत्या. सोयरीक बघायला निघाल्यासारखे दिसत होते.

रेणापूरकडच्या शाळेत संगणकाच्या खोलीची किल्ली सापडायलाच तास गेला. आत संगणकावर भरतकाम केलेलं कापड अंथरलेलं होतं. कापड काढलं तर पडद्याच्या वरच्या कडेला हळदकुंकवाची बोटं, दसऱ्याची, वाळून काळपट झालेली. गुरुजी म्हणाले, “लई जपतो आम्ही. कुणाला हात लावू देत न्हाई. चालू बी करीत न्हाई, खामखा बिघडायचं.” सरांनी कापड परत नीट अंथरलं, कोपरे जुळवले आणि गुरुजींना धन्यवाद म्हणून बाहेर आले.

लोह्याकडच्या वाचनालयात मात्र संगणक चालू होता. लांबूनच गाणी ऐकू येत होती. सरांची चाल वाढली. आत गेलो तर त्यावर दुसरीच कुठली तरी चोरीची प्रणाली टाकलेली. वाचनालयाचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी चहा मागवला. म्हणाले, “तुमचं ते तवाच काढलं साहेब. आणलं त्याच दिवशी. भाच्यानं दुसरं टाकून दिलं.”

सर चहा पीत होते. ते म्हणाले, “काढताना काही तक्रार होती का? म्हंजे चालत नव्हतं, अडकत होतं, असं?”

“छे छे, तक्रार काय आसंल? बघितलंच न्हाई आम्ही.”

सरांनी चहा पूर्ण संपवला, कप बशीत सरळ ठेवला, आणि आम्ही निघालो. आणखीही ठिकाणं झाली. कुठे आम्ही दिलेल्या पेनड्राइव्हचं पाकीटही फोडलेलं नव्हतं, कुठे संगणकच कुणीतरी घरी नेला होता. एकानेही ओसरी पाहिलेली नव्हती. आम्ही सगळे एकाच गफलतीत होतो, सर काय आणि मी काय. शहाणीसुरती माणसं कोऱ्या पानाकडे बघून खूश होतो. आपल्या गावाकडे कुणी तक्रार लिहायला बसत नाही, ज्याला जमत नाही तो गुपचूप बाजूला होतो, हे आम्हाला कळायला हवं होतं. आम्ही काही परग्रहावरून आलेलो नव्हतो.

परतीच्या गाडीत सर खिडकीशी बसले होते. अहमदपूर मागे पडलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बालाजी, मी रोज दहा वाजता कुणाला बघत होतो रे?”

‘बालाजीराव’ नव्हे, ‘बालाजी’.

धर्माबाद तेवढं राहिलं होतं. मी म्हणालो, सर, राहू द्या. ते म्हणाले, “न्हाई, गेलं पायजे. सांगितलंय आपण येतो म्हणून.” नांदेडहून रेल्वेने गेलो. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून तिथल्या बाजारातल्या मिरचीचा ठसका नाकातोंडात जात होता. वाचनालय बाजाराच्या मागे, वरच्या मजल्यावर. ते बघणाऱ्या पद्माताई पन्नाशीच्या होत्या. घरात तेलुगू बोलणाऱ्या, मराठी फर्मास पण आपल्या वळणाची. पडद्याच्या इतक्या जवळ तोंड नेऊन बसल्या होत्या की आम्हाला त्यांची आधी पाठच दिसली. आणि त्यांच्या खांद्यावरून मला दिसली ती ओसरी.

सरांनाही दिसली. ते दारातच थांबले.

“कोण पायजे?” पद्माताईंनी मान वळवून विचारलं. मी ओळख करून दिली. त्या उठून उभ्या राहिल्या. “अय्यो! हे बनवणारे तुम्हीच का? बसा. बसा तुम्ही आधी.”

आणि मग त्यांनी सरांना जे धारेवर धरलं! त्यांना साखरेचा आजार होता आणि त्यात डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता. अक्षर मोठं केल्याशिवाय वाचता येत नव्हतं. आणि ओसरीत अक्षर मोठं केलं की खिडक्या पडद्याबाहेर जायच्या, मेनूचा खालचा भाग दिसायचाच नाही. “बंद कर म्हणायचं बटण कुठं हाय, दाखवा मला. न्हाई ना? खाली गेलंय ते, जमिनीत! मी रोज जाताना वायर ओढून काढते. घाबरत घाबरत. किती दिवस झाले! हे कुणाला सांगायचं? पुस्तकांची नोंद करते तर दोन ओळी दिसतात, तिसरी न्हाई. तुम्ही शिकलेली माणसं, म्हाताऱ्या डोळ्यांचा इचार का करीत न्हाई?”

“तक्रारींचं पान हाय ना ताई...” सर चाचरत म्हणाले.

“ते पान कोणत्या अक्षरात हाय?” त्या म्हणाल्या. “बारीक!”

सर ऐकत राहिले. एकदाही त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मध्येच एखादा प्रश्न विचारत, परत करून दाखवायला सांगत. आम्ही खाली उतरलो तेव्हा गाडी निघून गेली होती. फलाटावरच्या बाकावर बसलो. सरांचे डोळे मिरचीने की कशाने कोण जाणे, लाल झाले होते, आणि चेहरा असा फुललेला मी त्याआधी पाहिला नव्हता. “लई बोलली राव,” ते म्हणाले. “पोट भरलं.”

पुढचे चार महिने त्या माणसाने दुसरं काही केलं नाही. नव्या पळसमध्ये डिफॉल्ट कुठला ठेवायचा याचा निर्णय संक्रांतीनंतर घ्यायचा होता आणि तोवर ओसरी पद्माताईंच्या डोळ्यांना दिसेल अशी करायची, असा त्यांनी पण केला. आता त्यांच्यापाशी एक तरी माणूस होता, जो खरोखर ती वापरत होता. त्या एका माणसाच्या जोरावर ओसरी राहू शकते, असं त्यांना वाटत होतं. पद्माताई दुपारी फोन करत. दुपारी वाचनालयात कुणी नसतं, पेपर वाचणारे म्हातारे जेवायला गेलेले असतात. मी एकदा नांदेडला असताना तो फोन आला. “बोला, तक्रार काय?” सर म्हणाले, आणि पलीकडून जे सुरू झालं ते अर्धा तास चाललं. त्यातली निम्मी तक्रार ओसरीची होती. उरलेली वाचनालयाच्या गळक्या छपराची, हैदराबादला राहणाऱ्या सुनेची आणि साखरेच्या गोळ्यांची. सर सगळ्यालाच “हाव, बघतो,” म्हणत होते.

पण ओसरी काही ऐकेना. एक खिडकी ताळ्यावर आणावी तर दुसरी निसटायची. मेनू बसवला तर अक्षरं एकमेकांवर चढायची. ते थकले होते. “मी ही माझ्या डोळ्यांच्या मापानं बांधली, बालाजी,” ते एकदा म्हणाले. “पायाच तसा हाय. आता वरून किती बी ठोका.”

निर्णयाची बैठक लातूरला, आमच्या क्लासच्या रिकाम्या वर्गात झाली. रविवार होता. फळ्यावर कुणाची तरी रसायनशास्त्राची सूत्रं राहिली होती. ओंकार तयारीने आला होता. ओसरी आपली आहे, मराठी आहे, हलकी आहे, नव्या यंत्रणेवर न्यायला मी सरांना मदत करीन, असं तो तळमळीने बोलला. मीही माझे मुद्दे काढून ठेवले होते. सरांची पाळी आली. त्यांनी आपला लॅपटॉप उघडला, त्यावर बाहेरचं सुरू केलं, आणि एका बाजूने अक्षरं मोठी करत नेली. मोठी, आणखी मोठी. सगळ्या खिडक्या आपोआप आवरून बसत होत्या. बंद करायचं बटण जागच्या जागी होतं.

“हे मला ओसरीत जमलं न्हाई,” ते म्हणाले. “माझं मत बाहेरच्याला.”

ओंकार उठून उभा राहिला. “सर, एका बाईपायी? त्यांना आपण बाहेरचं लावून देऊ की! मी सोता जातो धर्माबादला. बाकीच्यांना ओसरी राहू द्या.”

“बाकीचे कोण?” सर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. “आन् समजा झाले उद्या बाकीचे. त्यातल्या आणखी किती बायामाणसांना दिसत नसंल, ते तुला कळणार हाय का? ही भांडली म्हणून कळलं. बाकीच्या फोन करीत न्हाईत ओंकार, वायर काढतात. डिफॉल्ट त्यांच्यासाठी करायचा असतो.”

मत माझ्या बाजूने पडलं होतं आणि मला इतकं वाईट वाटत होतं की मी माझे मुद्दे काढलेच नाहीत. सगळे बाहेरच्याला हो म्हणाले. ओंकार सर्वांत शेवटी म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसला. मी सरांना जेवायला घरी चला म्हणून खूप आग्रह केला. ते म्हणाले, सकाळी करून ठेवलंय, वाया जाईल. मी त्यांना स्टॅंडवर सोडलं. नांदेडच्या गाडीत ते चढले, खिडकीतून हात केला, आणि गाडी सुटेपर्यंत मी गाडीच्या पाटीकडे आणि ते समोरच्या सीटकडे बघत राहिलो.

नवी पळस पद्माताईंकडे सरांनी स्वतः नेऊन लावली. ताईंचा लगेच दुसऱ्या दिवशी फोन आला. तो किस्सा सरांनीच मला सांगितला. त्या म्हणाल्या, “सर, चांगलं हाय की हो! सगळं दिसून राहिलंय. पण हे कुणी केलं?” सर म्हणाले, “लई लोकांनी केलंय ताई. परदेशात.” “त्यांचा नंबर?” “नंबर न्हाई त्यांचा.” “मग अडलं तर कुणाला बोलू?” सर म्हणाले, “मलाच बोला.”

त्यानंतर मी नांदेडला गेलो तेव्हा त्यांच्या पडद्यावर बाहेरचं उघडलेलं होतं. मला वाटलं, काही तपासत असतील. पण बराच वेळ तेच दिसत राहिलं, तेव्हा मी विचारलं, “सर, ओसरी कुठंय?”

“काढली,” ते म्हणाले. “ताईला फोनवर सांगायचं तर तिच्या समोर जे हाय तेच माझ्या समोर पायजे. दोन्ही ठेवून बघितली. हात ओसरीकडंच जातो, मग चुकीचं सांगितलं जातं.”

इतकं सहज म्हणाले, चहात साखर कमी आहे म्हणावं तसं. आता ओसरी कुठेच नव्हती. वर्षानुवर्षं ज्याने ती घडवली त्याच्याही घरात नव्हती. त्या दिवशी परत येताना मी गाडीत रडलो, शेजारच्या माणसाला खिडकीतून धूळ येतेय असं सांगून.

सर गेल्या वर्षी गेले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवलं, ते उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. परभणीची पुतणी आली, तिने सगळं नीट केलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली आणि मग लोक बोलले. खात्यातले लोक त्यांच्या कालव्याच्या कामांबद्दल, सचोटीबद्दल बोलले, आणि ते खरंच होतं. मलाही उभं केलं. मी ओसरीबद्दल सांगायला लागलो. डेस्कटॉप म्हणजे काय, इथून सुरुवात केली. लोक मान डोलावत होते, पण कुणाला काही समजत नव्हतं आणि मला ते सोपं करून सांगता येत नव्हतं. मग मी “सर फार चांगले होते” म्हणून खाली बसलो. तितकं एकटं मला कधी वाटलं नाही. ते गेले म्हणून तर होतंच, पण आमच्यातलं दुसरं कुणी येऊ शकलं नव्हतं, आणि ते काय करत होते हे त्या मांडवात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं म्हणून जास्त.

पंधरा-वीस दिवसांनी पद्माताईंचा फोन आला. त्या सरांच्या नंबरवर लावत राहिल्या होत्या, शेवटी पुतणीने उचलला आणि सांगितलं. माझा नंबर तिनेच दिला. फोनवर आधी त्या नुसत्याच रडल्या. मग म्हणाल्या, “बालाजी अन्ना, सरांचं ते पहिलं होतं ना, ते माझ्या संगणकावर परत लावता येतंय का?”

मी म्हणालो, “ताई, त्यात अक्षर दिसणार नाही तुम्हाला. सरांनी त्याचसाठी तर...”

“म्हायती हाय मला! चार महिने मलाच इचारत होते ना? आता दिसतंय का ताई, आता दिसतंय का ताई. एवढं केलेलं माणसाचं, अन् आता कुठंच न्हाई म्हंजे काय? एका ठिकाणी तरी आसू द्या.”

मी धर्माबादला गेलो. त्यांची नजर आता आणखी उतरली होती. मी बाहेरचं तसंच ठेवून शेजारी जुन्या पेनड्राइव्हवरून ओसरी बसवली आणि समजावून सांगितलं, की संगणक सुरू करताना कुठलं पाहिजे ते निवडायचं, हे असं गेलं की सरांचं. त्यांनी मध्येच थांबवलं.

“न्हाई. निवडायचं न्हाई. मी बटण दाबलं की आधी ते आलं पायजे. सोताहून. मग मी जाते की दुसऱ्याकडं.”

म्हणजे त्यांना ओसरी डिफॉल्ट हवी होती. त्यांच्या डोळ्यांना ती गैरसोयीची, आणि सरांनीच मला शिकवलेल्या सगळ्या तत्त्वांच्या उलट. मी मुकाट्याने तसं करून दिलं. बाहेरच्याकडे जायच्या कळा त्यांची बोटं धरून, न बघता दाबता येतील अशा शिकवल्या. मग संगणक बंद केला आणि म्हणालो, आता तुम्ही करा.

त्यांनी बटण दाबलं. ओसरी उघडली. पद्माताई पडद्याजवळ तोंड नेऊन, चष्मा वर-खाली करत थोडा वेळ बघत राहिल्या. त्यातलं एक अक्षरही त्यांना लागत नव्हतं. मग त्यांनी कळा चाचपून दाबल्या, बाहेरचं उघडलं, आणि त्या दिवशी परत आलेली पुस्तकं नोंदवायला घेतली.